पपईचे पान, गोळी आणि पुरावा

पावसाळा संपत आला की नगर जिल्ह्यात गावोगावी एक प्रश्न कानी पडू लागतो : 'पेशी किती आल्या?' अंथरुणावर पडलेल्या माणसाची विचारपूस करावयास आलेला शेजारी आता ताप किती आहे हे विचारीत नाही. रक्ततपासणीच्या कागदावरील आकडा विचारतो. आकडा लाखाच्या खाली उतरला की घरात कुजबुज सुरू होते, पन्नास हजारांच्या खाली उतरला की धावपळ. कोणी पपईची पाने आणावयास मळ्याकडे निघतो, कोणी शेळीचे दूध शोधतो, कोणी बाजारातून महागडी किवी घेऊन येतो. पपईच्या पानांच्या अर्काची गोळीही आता औषधांच्या दुकानात सहज मिळते. 'पेशी' हा शब्द येथे रक्तबिंबिकांसाठी, म्हणजे प्लेटलेटसाठी, वापरला जातो. काही जण त्यांनाच 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या वस्तुतः निराळ्या. परंतु शब्दाचा हा घोटाळा किरकोळ आहे. आकड्याविषयीचा घोटाळा त्याहून मोठा आहे आणि त्याची किंमत कुटुंबांना रोख मोजावी लागते.

अशा वेळी एक विचार साहजिकच पुढे येतो. पपई आपल्या मळ्यात आहे, गुळवेल आपल्या कुंपणावर आहे, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात, लोणीला आणि संगमनेरला आहेत. मग बिंबिका वाढविणारी वनौषधीची गोळी आपणच का तयार करू नये? वनस्पतीपासून गोळी बनविणे हा त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा नेहमीचा विषय आहे, तेव्हा हा विचार हवेतला नव्हे आणि तो स्वागतार्हही आहे. तथापि त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पानापासून गोळी बनते काय? त्या गोळीने बिंबिका वाढतात काय? आणि त्या वाढल्याने रोग्याचे भले होते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे मिळाले आहे आणि तिसऱ्याचे अद्याप मिळावयाचे आहे. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याचे म्हणून खपविले जाते, येथेच खरी अडचण आहे.

आकड्याचे भय

निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे जमून रक्त थांबविणे हे त्यांचे काम. डेंग्यूच्या विषाणूमुळे अस्थिमज्जेतील त्यांची निर्मिती मंदावते आणि रक्तात असलेल्यांचा नाशही वेगाने होतो. म्हणून आजाराच्या साधारण तिसऱ्या दिवसापासून आकडा घसरू लागतो. पण या रोगात मुख्य धोका असतो तो दुसरीकडेच. ताप उतरण्याच्या सुमारास सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळतो. ताप गेला म्हणून घरचे लोक निश्चिंत होतात, नेमकी तीच वेळ सावधगिरीची असते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, ग्लानी ही धोक्याची लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेचा सारा भर या लक्षणांवर आणि योग्य वेळी, योग्य मापाने द्रव देण्यावर आहे.

मग बाहेरून बिंबिका चढविण्याचे काय? सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांत याची पद्धतशीर परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बिंबिका वीस हजार वा त्याहून कमी असलेल्या, परंतु गंभीर रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढ रोग्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीच्या शुश्रूषेबरोबर बिंबिका चढविल्या, दुसऱ्याला केवळ शुश्रूषा दिली. बिंबिका चढविलेल्या गटात रक्तस्राव कमी झाला नाही. उलट त्यांच्यात दुष्परिणामच अधिक दिसले. ज्यांना प्रत्यक्ष बिंबिका मिळाल्या त्यांचेही केवळ त्यामुळे भले झाले नाही, हा या प्रयोगाचा बोध आहे. आकडा निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. तो वैद्याला रोगाची वाटचाल दाखवितो. पण वाटेवरचा मैलाचा दगड म्हणजे मुक्कामाचे गाव नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, डेंग्यूतून बऱ्या होणाऱ्या बहुसंख्य रोग्यांच्या बिंबिका आठवडाभरानंतर आपोआप वाढू लागतात. पपईचा रस, किवी, शेळीचे दूध किंवा देवाचा अंगारा, यांपैकी काहीही सहाव्या दिवशी दिले तरी आठव्या दिवशी आकडा चढलेला दिसणार आणि यश त्या उपायाच्या नावावर जमा होणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. 'आमच्या घरी गुण आला' हे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले ते खरेच असते. त्याला जे पाहता आले नाही ते म्हणजे रस न देता काय झाले असते. ते पाहण्यासाठीच शास्त्राला तुलनेचा दुसरा गट लागतो.

आजवरचा पुरावा

तेव्हा पपईच्या पानाची अशी तुलना झाली आहे काय? झाली आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. २०११ साली पाकिस्तानातील संशोधकांनी एका ४५ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. पानांचा जलीय अर्क पाच दिवस घेतल्यावर त्याच्या बिंबिका ५५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर गेल्या होत्या. परंतु एका रोग्याची हकीकत ही सूचना असते, सिद्धता नव्हे. २०१३ साली मलेशियातील क्लांग येथील रुग्णालयात २२८ रोग्यांवर प्रयोग झाला. एका गटाला रोज ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस सलग तीन दिवस देण्यात आला. त्या गटात बिंबिकांची वाढ लक्षणीय आढळली, आणि बिंबिकांच्या निर्मितीशी व कार्याशी संबंधित काही जनुके अधिक कार्यरत झाल्याचेही दिसले. मात्र कोणाला रस मिळतो आहे हे रोग्याला व वैद्याला ठाऊक होते. बेंगळुरूच्या मायक्रो लॅब्ज कंपनीने पानांच्या अर्काची ११०० मिलिग्रॅमची 'कॅरिपिल' ही गोळी बाजारात आणली. अशा अर्काच्या गोळ्या-कॅप्सूलवर देशात जे प्रयोग झाले त्यांपैकी दोन २०१६ साली भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात आले. त्यांतील एक ३०० रोग्यांवरचा, नकली गोळीशी तुलना करणारा होता. दुसरा बिकानेर येथे ४०० रोग्यांवर झाला. २०२० साली कोची येथील प्रयोगात बिंबिका तीस हजारांच्या आत गेलेले रोगी निवडले होते. या सर्वांत बिंबिका लवकर वाढल्याचे आढळले.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे होकारार्थी आहे. पण या प्रयोगांनी मोजले काय, हे पाहिले पाहिजे. त्यांनी मुख्यत्वे आकडाच मोजला. मृत्यू कमी झाले काय, द्रव झिरपण्याचे संकट टळले काय, गंभीर रक्तस्राव थांबला काय, या प्रश्नांना उत्तर देण्याइतके मोठे त्यांपैकी काहीही नव्हते. या सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनीही हीच उणीव दाखविली आहे. पपईचे पान निरुपयोगी आहे असे सिद्ध झालेले नाही; ते प्राण वाचविते असेही सिद्ध झालेले नाही. जो मनुष्य या दोहोंपैकी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो तो उपलब्ध पुराव्याच्या पुढे धावतो आहे.

टणक गोळी आणि उपयुक्त गोळी

पानाची गोळी करण्याची रीत आता सर्वज्ञात आहे. पाने निवडून धुवावयाची, सावलीत वाळवावयाची, दळून चाळणीतून काढावयाची किंवा त्यांचा अर्क काढून तो वाळवावयाचा, स्टार्चसारख्या पदार्थाने त्याचे रवाळ दाणे बांधावयाचे, यंत्राला चिकटू नये म्हणून त्यात वंगणासारखी भुकटी मिसळावयाची आणि दाबयंत्रात गोळी पाडावयाची. नंतर तिच्या परीक्षा होतात. सर्व गोळ्यांचे वजन सारखे आहे काय, ती पुरेशी टणक आहे काय, फिरत्या पिंपात शंभर फेरे घेतल्यावर झिजून तिचे वजन एक टक्क्याहून अधिक घटत तर नाही ना, पाण्यात ठरलेल्या वेळात ती विरघळते काय, हे पाहिले जाते. विद्यार्थ्यांना हे शिकविलेच पाहिजे. परंतु या परीक्षा गोळीच्या आहेत, औषधाच्या नव्हेत. खडूच्या भुकटीची गोळीही त्या सर्व परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊ शकेल. 'वनौषधी गोळीची यशस्वी निर्मिती' असे शीर्षक वाचून ज्याच्या घरात तापाचा रोगी आहे असा वाचक मात्र भलताच अर्थ काढतो.

गोळीच्या आधी पानाचाही प्रश्न आहे. कोवळ्या आणि जून पानांत, एका जातीच्या आणि दुसऱ्या जातीच्या झाडांत द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. पपईवर मावा या किडीमुळे पसरणारा रिंगस्पॉट नावाचा विषाणुरोग येतो आणि मावा आवरण्यासाठी बागेत कीटकनाशके फवारली जातात. फळ आपण सोलून खातो. पान मात्र तसेच रसात जाते. ज्या बागेचे फळ बाजारासाठी उत्तम, तिचे पान औषधासाठी उत्तम असेलच असे नाही. वनस्पतीची ओळख पटविणे हीही सामान्य गोष्ट नव्हे. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला जात होता. २०२० च्या अखेरीस मुंबईतील वैद्यांना यकृताला इजा झालेले सहा रोगी आढळले. ते सर्व गुळवेल घेत होते. त्यावर आयुष मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असावी. वाद कोणत्याही बाजूने मिटो, त्यातून निघणारा धडा एकच आहे : 'झाडपाल्याचे आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. घरी वाटलेल्या रसाबाबत तर मात्रा कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याला आधीच उलट्या होत आहेत त्याला तो कडू रस पाजण्यात जी वेळ जाते ती रुग्णालयात पोहोचण्याची वेळ असते.

किती पाने लागतील?

आता या विषयाच्या आर्थिक बाजूकडे वळू. वनौषधीच्या नावाने शेतकऱ्यांपुढे नेहमी एक चित्र उभे केले जाते : पाने विका आणि श्रीमंत व्हा. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मलेशियातील प्रयोगात एका रोग्याला तीन दिवसांत एकूण १५० ग्रॅम पाने लागली. म्हणजे एक टन पानांत साडेसहा हजारांहून अधिक रोग्यांची सोय होते. २०२३ साली देशात डेंग्यूच्या नोंदलेल्या रोग्यांची संख्या सुमारे २ लाख ८९ हजार होती. त्या सर्वांना तसा रस द्यावयाचे ठरविले तरी पाने लागतील सुमारे ४३ टन. सहा फूट बाय सहा फूट अंतरावर लावलेल्या पपईच्या एका एकरात साधारण १२०० झाडे बसतात. एका झाडाची वर्षभरात फक्त एक किलो पाने काढली असे धरले, तरी सबंध देशाची ही गरज ३६ एकरांत भागते. नोंद न झालेले रोगी दसपट आहेत असे मानले, तरी ३६० एकर पुरे. अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या शेतीच्या पसाऱ्यात ३६० एकर म्हणजे काहीच नव्हे. शिवाय पाने तोडली की फळांचे पोषण घटते, तो तोटा निराळाच.

याचा अर्थ स्पष्ट आहे. या व्यवहारात मूल्य पानाचे नाही. गोळी पाडण्याच्या यंत्राचेही फारसे नाही. तसे यंत्र कोणालाही विकत घेता येते. मूल्य आहे ते 'ही गोळी इतक्या मात्रेत, अशा रोग्याला, अमुक लाभ देते' हे विश्वासाने सांगता येण्याचे. पुरावा हाच येथे खरा माल आहे. आणि पुरावा नसतो तेव्हा त्याच्या जागी भीती विकली जाते. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि म्हणून हा बाजार धान्याच्या बाजारासारखा चालत नाही, असे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले होते. आकडा पाहून घाबरलेला बाप भाव करीत नसतो.

पुराव्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे आपण एकदा अनुभवले आहे. सर्पगंधा ही या देशातील जुनी औषधी. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना ती काळजीपूर्वक देऊन आपले निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रोग्यांवरील निरीक्षण मुंबईतले, मुळे आपल्या जंगलांतली. औषध मात्र बाझेलचे झाले. आपल्याकडे उरली ती बेसुमार खणतीने दुर्मिळ होत गेलेली वनस्पती. कच्चा माल पुरविणाऱ्याचा हा नेहमीचा इतिहास आहे.

नगर जिल्ह्याला तो अपरिचित असण्याचे कारण नाही. ऊस पिकविणारा जोवर केवळ ऊस पिकवीत होता तोवर भाव दुसरे ठरवीत होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी परिसरातील शेतकऱ्यांना एकत्र आणून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी उत्पादनाच्या पुढच्या पायरीवर चढला. गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. मूल्याची वाढ नेमकी कोठे होते हे ओळखून तेथे सामान्य माणसाला नेऊन बसविणे, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. वनौषधीच्या बाबतीत ही पुढची पायरी म्हणजे कारखाना नव्हे, परीक्षा होय.

परंपरा आणि कायदा

येथे परंपरेचा दाखला दिला जाईल. तो आदराने तपासला पाहिजे. पपई हे मुळात अमेरिका खंडातील झाड. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ते आपल्याकडे आले. चरक-सुश्रुतांच्या संहितांत त्याचे पान डेंग्यूवर सांगितलेले असणे शक्यच नाही. यात कमीपणा कसलाही नाही. उलट, नवे द्रव्य पारखून घेण्याची आपल्या वैद्यांची वृत्ती यातून दिसते. नगर शहरात १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू करणारे गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधींच्या गुणधर्मांवर विस्तृत ग्रंथलेखन केले. द्रव्याचा गुण तपासून आणि नोंदवून सांगावयाचा, ही त्यामागील भूमिका होती. त्यांच्या परंपरेचा खरा वारसदार तो, जो नव्या पानालाही तोच नियम लावील.

कायद्याने मात्र यात एक सोपी वाट ठेवली आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदीय औषधांना स्वतंत्र परवाना मिळतो. २०१० पासून नियम १५८-ब नुसार सुरक्षितता व परिणामकारकता यांचा आधार मागितला जातो, परंतु नव्या रासायनिक औषधाला जी अग्निपरीक्षा द्यावी लागते तिच्या तुलनेत तो पुष्कळच सौम्य आहे. २०१५ साली शासनाने 'फायटोफार्मास्युटिकल' असा एक वेगळाच वर्ग निर्माण केला. त्यात वनस्पतीचा अर्क प्रमाणित करून, किमान चार द्रव्यांचे प्रमाण निश्चित करून, नव्या औषधाप्रमाणे रोग्यांवरील चाचण्यांतून सिद्ध करावा लागतो. ही वाट लांबची आणि खर्चाची आहे, पण ती प्रामाणिक आहे. तिच्यावर कोणी चाललेलेच नाही असेही नव्हे. आपल्याकडे कुंपणावर वाढणारी वासनवेल सर्वांच्या पाहण्यातली आहे. तिची पाने पाण्यात चोळली की पाणी थिजल्यासारखे घट्ट होते, हा खेळ खेड्यातील मुले खेळत आली आहेत. त्या वेलीचा अर्क डेंग्यूवर उपयोगी पडतो काय, याचा शोध दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्र आणि सन फार्मा कंपनी यांनी घेतला. २०२० साली करोनाच्या रोग्यांवरही त्याची चाचणी हाती घेण्यात आली. विशेष हे की, तेथे लक्ष्य बिंबिकांचा आकडा नव्हता, प्रत्यक्ष विषाणू होता. प्रश्न योग्य विचारला म्हणजे उत्तर नकारार्थी आले तरी श्रम फुकट जात नाहीत.

जिल्ह्याने काय करावे?

या दृष्टीने पाहिले तर नगर जिल्ह्याची स्थिती विलक्षण अनुकूल आहे. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. कोणत्या जातीचे, किती वयाचे, कोणत्या हंगामातले पान घ्यावयाचे आणि ते फवारणीमुक्त कसे ठेवावयाचे हे तेथे ठरविता येईल. पानाची ओळख पटविणारे आणि द्रव्यगुण जाणणारे आयुर्वेदाचे अध्यापक नगरला आहेत. प्रमाणित गोळी आणि हुबेहूब तशीच दिसणारी नकली गोळी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये बनवू शकतात. १९८४ साली लोणीला सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, शासकीय रुग्णालये आहेत. चार घरे एका अंगणात आहेत. अंगणात मात्र कोणी उतरत नाही. प्रत्येकाचा प्रकल्प त्याच्या त्याच्या कपाटात बांधून ठेवलेला असतो.

या संस्थांनी मिळून एकच प्रयोग करावा, पण तो योग्य प्रश्नाचा करावा. गोळीने बिंबिका वाढतात काय, हे पुन्हा एकदा मोजण्यात अर्थ नाही. गोळी घेणाऱ्यांत धोक्याची लक्षणे कमी जणांना दिसतात काय, रुग्णालयातील दिवस घटतात काय, रक्तस्राव टळतो काय, हे मोजावे. प्रयोग सुरू होण्यापूर्वी त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी आणि काय मोजणार हे आधीच जाहीर व्हावे. नैतिक समितीची अनुमती आणि रोग्याची समजून दिलेली संमती यांविना पाऊल पडता कामा नये. द्रव-चिकित्सा दोन्ही गटांना सारखीच मिळाली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निष्कर्ष विरुद्ध गेला तरी तो प्रसिद्ध झाला पाहिजे. गोळीचा उपयोग होत नाही असे ठरले, तरी हजारो कुटुंबांचा खर्च वाचेल. उपयोग होतो असे ठरले, तर ते मोल या जिल्ह्याच्या संस्थांचे, आणि सहकाराची जुनी सवय जागी झाली तर शेतकऱ्यांचेही असेल.

हे सर्व होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. या जिल्ह्याचा दक्षिण भाग पर्जन्यछायेतला आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडील ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पिंपे, रांजण, टाक्या भरून ठेवल्याशिवाय गृहिणीला गत्यंतर नसते. तिला 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असे सांगणे सोपे आहे. ते पाणी ओतून द्यावयाचे धैर्य तिला तेव्हाच येईल, जेव्हा उद्या पाणी येण्याची तिला खात्री असेल. तोवर निदान प्रत्येक पिंपावर घट्ट झाकण आणि टाकीवर जाळी एवढे तरी झालेच पाहिजे. नियमित पाणीपुरवठा हे डेंग्यूवरचे असे औषध आहे की ज्याच्या गुणाविषयी वाद नाही. ते गोळीच्या रूपात विकता येत नाही, म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

पपईच्या पानाविषयी लोकांना वाटणारा विश्वास हा केवळ अडाणीपणा नव्हे. रुग्णालयाचा खर्च झेपत नसलेल्या आणि आकड्याने भेदरलेल्या माणसाने आपल्याच मळ्यातला आधार शोधला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्या विश्वासाची कसोटी लावून देण्याचे कर्तव्य ज्यांच्या हाती विद्या आहे त्यांचे आहे. पान मळ्यात आहे, यंत्र महाविद्यालयात आहे, रोगी रुग्णालयात आहे. या तिन्हींना जोडणारा पुरावा आपण उभा करणार की त्याच्यावाचून नुसती गोळी विकणार, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत, घरात कोणी तापाने आजारी असेल, तर शेजाऱ्याने 'पेशी किती आल्या?' असे विचारण्याऐवजी 'लघवी होते ना, पाणी पोटात टिकते ना, हातपाय ऊबदार आहेत ना?' असे विचारावे. तो प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.